लेकीच्या घरचं पाणी

क्रेगीबर्नच्या पुढे, मेलबर्न
९ फेब्रुवारी २०२५

विहीणबाई,

पाकीट फाडलंत म्हणजे निम्मं काम झालं. रागवायचं ते वाचून झाल्यावर रागवा.

मी द्वारका, अजितची आई. बोलतेय मी, लिहितेय ती चित्रलेखा. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला आपली सुपारी फुटली तेव्हापासून माहीत आहे. चित्रलेखा अमरावतीची. हिचं घर आमच्या घराला पाठ लावून आहे, मध्ये पत्र्याचं कुंपण. इथल्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात नोकरी करते, त्यामुळे म्हाताऱ्यांचं ऐकून घ्यायची तिला सवय आहे. शुद्धलेखन तिचं, आगाऊपणा माझा.

तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला. फोनवर तुम्ही मध्ये बोलता. पत्रात तुम्हाला गप्प बसून ऐकावं लागतं. आणि गणपतीपासून तुम्हा मायलेकींचा फोन बंदच आहे. मयूरा म्हणते आई रुसली, तुम्ही म्हणता लेक विसरली. मागे मी अजितच्या फोनवरून तुम्हाला लावला, तर 'जावईबापूंना आशीर्वाद सांगा' म्हणून ठेवून दिलात. आशीर्वाद पोचवला. माझा नमस्कार तसाच हातात राहिला.

आमचं गाव अजून पुरतं झालेलं नाही. क्रेगीबर्न मागे पडलं की माळ लागतो, त्या माळावर ते उगवतंय. आपल्याकडे आधी माणसं राहतात, मग कधीतरी रस्ता येतो, त्याच्या मागून दिवा. इथे सगळं उलटं. आधी दिव्याचे खांब, मग रस्ता, मग झाडं, तीही काठीला बांधलेली. मग घरं, मग माणसं. बस सगळ्यात शेवटी. थांब्याचा खांब लावून ठेवलाय, बस कधी येणार ते खांबालाही ठाऊक नाही. मी आले तेव्हा आमच्या मागे नुसतं गवत होतं, संध्याकाळी कांगारू यायचे. आता तिथे चित्रलेखा आहे. कांगारू बरे, मला 'ण' नीट म्हणा म्हणत नव्हते. हे तिने लिहिलं, मन मोठं आहे पोरीचं.

घरं सगळी एका साच्यातली. मला पाट्या वाचता येत नाहीत, पण ज्यांना येतात तेही इथे चुकतात, तेवढंच मला बरं वाटतं.

आता मुद्द्याचं. तुम्ही इथे या. जूनमध्ये या. थंडी असते, पण अंगावर घ्यायला पुष्कळ आहे.

तुमचा नेम मी विसरलेली नाही. लेकीच्या घरी मूल येईपर्यंत आईबापाने तिथे जेवायचं नाही, घोटभर पाणी घ्यायचं नाही. आमच्या सासवडकडेही जुन्या बायका पाळायच्या. पण त्यांच्या लेकी पुढच्या आळीत दिलेल्या असायच्या, भूक लागली की घरी येऊन जेवता यायचं. मेलबर्नहून फलटणला जेवायला कसं जाणार?

आणि दीनानाथभाऊ हिंजवडीला अजित-मयूराकडे आले होते ते माझ्या डोळ्यांपुढे आहे. सोबत स्वतःचा डबा, स्वतःची पाण्याची बाटली. मयूराने चहा पुढे केला तर तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो कप तिलाच प्यायला लावला. मी म्हटलं, "भाऊ, पंख्याचा वारा घेताय तो आमचाच आहे." तर हसून म्हणाले, "नातवंड होऊ द्या ताई, मग बघा कसा पाट मांडून बसतो." तसेच गेले. करोनाच्या त्या साली या देशाने दारं लावून घेतली होती. मयूराने बापाचं सगळं फोनच्या काचेतून पाहिलं. म्हणून तुम्ही म्हणता, ह्यांनी मोडला नाही तो नेम मी कशी मोडू. बरोबर आहे. मी मोडा म्हणतच नाही. मी नुसती फट शोधतेय.

तर ऐका. अजितने मागच्या अंगणात मला एक खोली बांधून दिलीय. ओटा आहे, न्हाणी आहे, दार वेगळं. तिला इथे 'ग्रॅनी फ्लॅट' म्हणतात. ग्रॅनी म्हणजे आजी. या देशात आजीच्या नावाने घर असतं, आणि माझ्या दुसऱ्या मुलाच्या, यतिनच्या स्पृहामुळे त्या नावावर माझा हक्क आहे. तेव्हा ते तुमच्या लेकीचं घर नाही, माझं आहे. तुम्ही माझ्याकडे उतरा, माझ्याकडे जेवा. विहिणीकडे जेवू नये असं कुठल्या पोथीत लिहिलंय? मला वाचता येत नाही, तुम्हीच बघून कळवा.

जूनच का, तर मयूराला दवाखान्यात जरा काम आहे. विशेष नाही, दाताचं समजा. चित्रलेखा म्हणते असं नका लिहू, मावशी. बरं, दाताचं नाही. छोटं काम आहे.

सही येत नाही म्हणून अंगठ्याला हळद लावून खाली टेकवलाय. आपण दोघी नवऱ्यामागे राहिलेल्या, आपल्याला हळद लावायला कोण येणार? आपली आपणच लावून घ्यायची.

द्वारका


क्रेगीबर्नच्या पुढे
२३ मार्च २०२५

विहीणबाई,

तुमचं उत्तर पोचलं. चित्रलेखाने दोनदा वाचून दाखवलं. एकदा माझ्यासाठी, एकदा तिलाच मजा आली म्हणून.

'सासूची खोली म्हणजे सासरच. दार वेगळं केल्याने सासर वेगळं होत नाही.' तुम्ही कोर्टात उभ्या राहायला हव्या होतात. मी हरले. चित्रलेखा म्हणाली, "काऊन वाद घालता मावशी, बाई हुशार आहे." हुशार आहे म्हणून तर घालते. बिनडोक माणसाशी मी वाद घालत नाही, त्याला जेवायला वाढते.

पुढे तुम्ही लिहिलंत, 'बाळंतपणाला बोलवा, मी चालत येईन.'

चित्रलेखा म्हणाली, काय लिहू? म्हटलं, थांब.

थांबून झालं. आता तुम्हाला गंमत सांगते. मागच्या आठवड्यात मी परक्याच्या घरात शिरून बसले.

आमच्या पलीकडे नवी गल्ली निघालीय. चित्रलेखा म्हणाली होती, तिथे साताऱ्याचं कुणीतरी राहायला येणार. मी एका सकाळी परसातली लिंबं पिशवीत घालून निघाले. कोपऱ्यावरच्या घरापुढे रंगीत झेंडे फडफडत होते, दार उघडं, दिवे लागलेले. म्हटलं, वास्तुशांत दिसते आणि शेजाऱ्यापाजाऱ्याला सांगायची पद्धत या पोरांना नाही. गेले आत. चपला बाहेर काढल्या. हाक मारली, कुणी ओ देईना. टेबलावर ताटं मांडलेली, पेले, घडी घातलेले रुमाल. मधोमध टोपलीत फळं. जन्मभर सासवडच्या बाजारात अंजीर विकले मी, फळ दिसलं की हात जातोच. उचललं. प्लास्टिकचं. दुसरं उचललं, तेही प्लास्टिकचं. मी ती जागच्या जागी ठेवली आणि शेजारी माझी लिंबं ठेवली, टेबलाची लाज राखायला.

एक गोरी पोर आली, केस सोडलेले, हातात ती काचेची पाटी. मला 'डार्लिंग' म्हणाली. माझ्या नवऱ्याने कधी म्हटलं नाही ते. बसवलं, गार पाण्याची बाटली दिली. बघा, ज्या घरात कुणी राहतसुद्धा नाही तिथे मला पाणी मिळालं आणि मी प्यायले. अजितने माझ्या स्वेटरला आतून नंबराची चिठ्ठी टाचून ठेवलीय, म्हैस हरवू नये म्हणून बिल्ला असतो तशी. त्या पोरीने मयूराला फोन केला.

मयूरा ऑफिसचं काम टाकून आली. मला वाटलं ओरडणार. हसली.

"आत्या, हे डिस्प्ले होम आहे. लोकांना नुसतं दाखवायचं घर. कुणी राहत नाही इथे."

"मग ताटं कुणाची?"

"कुणाचीच नाहीत."

"फळं?"

"आत्या, चला आता."

पण निघता निघता तीच थांबली. आतल्या बोळात एक खोली होती, पिवळ्या रंगाची. लहान मुलाचा पाळणा, म्हणजे इथला, चार पायांचा. त्यात कापडी जिराफ. भिंतीवर लाकडी अक्षरं चिकटवलेली. मी विचारलं, काय लिहिलंय गं? तिने वाचलं, "ऑलिव्हर."

"कोण ऑलिव्हर?"

"कुणी नाही, आत्या."

नसलेल्या पोराला नाव ठेवून झालंय, पाळणाही आणून ठेवलाय, या लोकांचं मला नवल वाटलं. मी तसं म्हणालेसुद्धा. मयूरा दाराच्या चौकटीला हात लावून उभी होती. आत पाऊल टाकेना, मागेही फिरेना. गोरी पोर मागून येऊन गोड आवाजात काहीतरी विचारायला लागली, मयूराच्या पोटाकडे बघत. मयूरा म्हणाली, "जस्ट लुकिंग."

एवढं इंग्रजी मला येतं. नुसतं बघतेय.

मग गाडीत बसलो. तिने किल्ली लावली पण गाडी चालू केली नाही. मी लिंबांबद्दल बोलत राहिले. कुणीतरी बोलायला हवं होतं.

एवढंच सांगते. यापुढचं सांगायचा हक्क माझा नाही. ज्याचा आहे ते माणूस सांगत नाही.

तुम्ही बाळंतपणाचं म्हणालात. मी म्हणते, त्याची वाट बघू नका. जूनमध्ये या. जेवणाचं आपण बघू. वाटल्यास चित्रलेखाकडे जेवा, ती तुमची कुणी लागत नाही. ती म्हणते, या काकू, पण ठेचा तिखट असतो.

द्वारका


क्रेगीबर्नच्या पुढे
१८ एप्रिल २०२५

विहीणबाई,

अक्षर बदललंय. कुणाचं ते मी सांगायला नको. पाटीवर हात धरून तुम्हीच गिरवून घेतलंय ते.

आज इथे गुड फ्रायडेची सुट्टी. चित्रलेखाला सुट्टीच्या दिवशी जास्त काम असतं. तुमचं दुसरं उत्तर आलंय, त्यात एकच ओळ आहे, 'द्वारकाबाई, माझ्या पोरीला काय झालंय?' चित्रलेखाने ती वाचली आणि कागद माझ्या हातात देऊन म्हणाली, मावशी, याचं उत्तर मी नाही लिहिणार. म्हणून मी मयूराला कागद-पेन घेऊन बसवलं.

"कुणाला लिहायचंय?"

"विहीणबाईंना."

"माझ्या आईला? तुम्ही माझ्या आईला पत्रं लिहिता?"

"लिहीत नाही. बोलते."

तिने पेन आपटलं. मी म्हटलं, दुसरं आण. बराच वेळ ती स्वयंपाकघरात भांडी वाजवत होती. मग दुसरं पेन घेऊन आली. ठरलं असं की मी सांगेन ते ती लिहील. नको असेल ते खोडेल, पण आधी लिहून मग खोडेल. बघा, कुठे खाडाखोड आहे का.

माझ्या सुनेला तीनदा दिवस गेले. तिन्ही वेळा राहिलं नाही. शेवटच्या वेळी पाचवा महिना लागला होता.

ती थांबलीय. मी पण थांबते.

लिहिलं तिने.

तुम्ही दर रविवारी फोनवर विचारायचात, "काही विशेष?" तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही, आईने विचारायचं नाही तर कुणी. पण त्या खेपेला तुम्ही विचारलंत तेव्हा ती आदल्याच दिवशी दवाखान्यातून घरी आली होती. ती म्हणाली, "काही नाही गं, इथे नेटवर्क खराब आहे." तेव्हापासून नेटवर्क खराब आहे.

आता पिशवी काढायची आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात. गाठी झाल्यात, रक्त जातं, अंगात काही उरत नाही. ऑफिसात खुर्चीवर शाल टाकून बसते म्हणे. डॉक्टरीणबाई श्रीलंकेची आहे, समजावून सांगते. हे करावंच लागेल म्हणाली.

म्हणजे बाळंतपणाला या असं मी तुम्हाला कधीच म्हणू शकणार नाही. आणि तुमच्या नेमाप्रमाणे या घरचं पाणी तुमच्या घशाखाली कधीच उतरणार नाही. मला हसू आणायची सवय आहे, इथे मला काही सुचत नाही. फटी शोधणं मी सोडून दिलं. तुमचा नेम, दीनानाथभाऊंचा नेम, तुमच्यापाशी ठेवा. उपाशी राहायचं तर राहा, डबे बांधून आणायचे तर आणा. पण या.

तुम्ही म्हणाल, सासू आहे ना तिथे. आहे. गरम पाणी देईन, भात मऊ शिजवीन, पाय दाबीन. ती 'थँक यू आत्या' म्हणेल. चांगली पोर आहे, माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोलली नाही, आणि तेच मला खुपतं. माणूस आईवर ओरडतं, सासूला थँक यू म्हणतं. रडायचं असलं की ती गाडीत जाऊन बसते, गॅरेजचं दार खाली करून. मला आधी वाटायचं गाडी पुसते. मी अजितला म्हणायचे, एवढी लख्ख गाडी गल्लीत कुणाची नाही.

हे मला माहीत आहे हे तिला माहीत नव्हतं. आत्ता कळलं. पेन थांबलंय.

अजून थांबलंय.

आता म्हणतेय, "पुढे सांगा, आत्या."

पुढे काही नाही. हे पत्र पोस्टात टाकत नाही, फोटो काढून तुमच्या लेकाच्या, अवधूतच्या फोनवर पाठवतेय. व्हिसाचं त्यालाच करायला सांगा, त्याला तेवढंच काम. मयूराला म्हटलं, खाली जागा उरलीय, तुझं काही असेल तर लिही. मला वाचता येत नाही, मला कळायचं नाही. मी भात लावायला उठते.

द्वारका

आई, सगळं खरं आहे. आत्या उठून गेल्यात आणि मला काय लिहावं कळत नाही. बाबा असते तर मी त्यांना आधी सांगितलं असतं, तुला सांगायला भीती वाटली. तू ये. नाही जेवलीस तरी चालेल.
मयूरा


ब्लॅकटाउन, सिडनी
२२ जून २०२५

विहीणबाई,

पुन्हा अक्षर बदललं म्हणून चष्मा पुसू नका, हे यतिनचं आहे. शाळेत असताना मास्तर म्हणायचे, याच्या वहीवरून कोंबडी चालून गेलीय. आता तो इथे ट्रेनच्या वेळा आखायच्या कामावर आहे आणि मला म्हणतो, "आई, जरा स्लो बोल, मेट." आईला मेट म्हणतो. लिही म्हटलं, हे पण लिही.

तुम्ही उतरायच्या आदल्या दिवशी मी इकडे निघून आले, ते तुम्हाला लागलं असं कळलं. विहीण एवढी पत्रं पाठवते आणि दारात उभी राहत नाही. अहो, खोली एकच आहे. आणि मला स्पृहाची आठवण येत होती. स्पृहा बाजूला बसून म्हणतेय, "आजी, यू वेअर हिअर फॉर माय बर्थडे, लाइक, जस्ट नाऊ." तिचं लिहू नको रे.

तुम्ही मला तिथलं काही कळवलं नाहीत. मयूराने फोनवर सांगितलं, थोडं अजितने. दोघांचं जोडून मी सांगते, चुकलं तर दुरुस्त करा. तुमच्याच घरातली हकिगत तुम्हाला ऐकवतेय, पण तुमच्या तोंडून ती यायची नाही, मी तुम्हाला ओळखते.

विमानतळावर त्यांनी तुमची पिशवी उघडली. भाजणी बघितली, चटण्या बघितल्या, आणि हळीव काढून घेतले. बी आणलेलं चालत नाही त्यांना. तुम्ही त्या माणसाला मराठीतून सांगत राहिलात म्हणे, बाळंतिणीचं आहे, बाळंतिणीचं आहे. अजितने मला हे फोनवर सांगितलं. मग त्याने दोनदा हॅलो हॅलो केलं.

विहीणबाई, मूल नाही हे माहीत असून तुम्ही बाळंतिणीचं सामान बांधून आणलंत.

मग सुरुवातीचे दिवस तुम्ही माझ्या खोलीत वेगळी चूल मांडलीत. शिधा चित्रलेखाने आणून दिलेला. पाणीसुद्धा तिच्या नळाचं, कुंपणावरून बादली. त्या ने-आणीत कुंपणाचा वरचा पत्रा वाकला. नळ दोन्हीकडे एकाच धरणाचा आहे हे तुम्हाला सांगायची कुणाची छाती झाली नाही, म्हणून मी आत्ता सांगते. मयूरा दवाखान्यात गेली त्या दिवशी तुम्ही तिथल्या बाकावर बसून राहिलात, अजितने आणलेल्या कॉफीकडे बघितलंसुद्धा नाहीत. अजित म्हणाला, "आई, मला त्यांचा राग येत नाही, पण वाईट वाटतं." म्हटलं, वाटू दे. आपल्याला वाईट वाटतं म्हणून दुसऱ्याने नेम सोडायचा नसतो.

मग मयूरा घरी आली. चालत मागच्या खोलीपर्यंत जाणं तिला जमेना, म्हणून तुम्हीच मोठ्या घरात गेलात. तिला स्टुलावर बसवून न्हाऊ घातलंत. टाके भिजू नयेत म्हणून डॉक्टरणीने काय काय सांगितलं होतं, त्यावरून तुमचं भांडण झालं. मयूरा म्हणाली, "आई, पाण्याचे चटके बसतायत, हळू ना." तुम्ही म्हणालात, "गप्प बैस, लहानपणी पण असंच बोंबलायचीस." ती म्हणाली, "तू तेव्हा पण ऐकायची नाहीस." आवाज चढला. अजित बाहेर हबकून उभा. हे सांगताना मयूरा हसत होती. मी फोन कानाला लावून बसले होते आणि मला तिचा तो चढा आवाज ऐकायला मिळाला नाही, एवढीच माझी तक्रार.

केस विंचरलेत. तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच पातेल्यात मऊ भात लावलात, वर तूप घालून भरवलात. तिने चौथा घास नको म्हटलं तर चिऊचा म्हणून घातलात, चाळिशीला आलेल्या बाईला. ती झोपली. तुम्ही पदराने वारा घातलात. थंडीत. यतिन विचारतोय, थंडीत वारा का? लिही तू.

जाग आली तेव्हा तिला दारातून दिसलं, तुम्ही टेबलापाशी बसला आहात. पुढ्यात ताट. उरलेला भात, आमटी, शेजारी पाण्याचा पेला. घरच्या नळाचा. अजित नुकता कामावरून आलेला, बूटसुद्धा काढले नव्हते, हातात भाताचं पातेलं घेऊन नुसता उभा.

मयूरा भिंत धरत बाहेर आली. म्हणाली, "आई, तू जेवतेस?"

"मग काय करू, बघत बसू?"

"इथे? आमच्याकडे?"

तुम्ही घास संपवलात म्हणे. मग म्हणालात, "घरात लेकरू आलं की जेवायचं, असंच होतं ना? आलंय. आज न्हाऊ घातलं, भरवलं, झोपवलं. माझंच आहे, पण आलं ना या घरात. आता त्याच्यापुढे नेम नाही."

मयूरा म्हणाली, "आणि बाबा?"

"ह्यांना काय सांगायचं ते मी सांगेन. तू उभी राहू नकोस, टाके ओढतील."

आणि मग ती रडली. तिथेच, खुर्चीवर बसून, तुमच्यासमोर, अजितसमोर. तुम्ही गप्प बस म्हणाला नाहीत. डाव्या हाताने तिची पाठ थोपटत उजव्या हाताने जेवत राहिलात. हे अजितने सांगितलं. मला वाटतं, तो पण रडला असणार, पण आमच्याकडचे पुरुष ते सांगत नाहीत. यतिनने आत्ता पेन ठेवून नाक पुसलं, सर्दी झालीय म्हणे.

विहीणबाई, मी दोन महिने फटी शोधत होते. खोलीची फट, दाराची फट, शेजारणीच्या घराची फट. तुम्ही सरळ दारातून आत गेलात आणि पाटावर बसलात. मला हे का सुचलं नाही? सुचलं असतं तरी उपयोग नव्हता. ते म्हणायचं तोंड तुमचंच हवं होतं.

मी इतक्यात येत नाही. खोली वापरा. मयूराला म्हणावं, सासू मजेत आहे, तिने थँक यू पाठवायची गरज नाही.

फक्त एक राहवत नाही म्हणून सांगते. अजित म्हणाला, तुम्ही त्याच्यापुढे ताट सरकवून भात परत मागून घेतलात. लेकीच्या घरी पहिल्यांदा जेवताना भात दुसऱ्यांदा मागू नये, विहीणबाई. आमच्या सासवडला तशी रीत आहे. मी आत्ताच काढली, पण आहे.

द्वारका